लिलावांतील उपेक्षित वाहनें

'जुनें तें सोनें' ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. आणि भंगार विकत घेणाऱ्याची आरोळीही आपण दारावरून जातांना नेहमीं ऐकतों. एकच जुनी वस्तु. पण म्हण तिला सोनें म्हणते आणि आरोळी तिला भंगार म्हणते. यांपैकीं खरें कोणतें? सगळेंच जुनें सोनें नसतें हें उघड आहे. तसेंच सगळेंच जुनें मोडींत घालण्याच्या लायकीचें असतें असेंही नाहीं. मग राखावें काय आणि टाकावें काय, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत जरा निराळ्या वाटेनें करणार आहों. युरोप-अमेरिकेंत जुन्या मोटारगाड्यांचे मोठमोठे लिलाव होतात. एके काळीं ज्यांच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं, अशीं वाहनें त्या लिलावांत कशीं येतात, त्यांना किंमत कां येते, आणि त्यावरून आपण काय शिकावें, हा आमचा आजचा विषय आहे.

लिलावाची रीत

'लिलाव' हा शब्दच मुळीं समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेला आहे. पोर्तुगीज भाषेंतून तो मराठींत शिरला आणि येथें इतका रुळला, कीं तो परका आहे हें आपण विसरून गेलों. मोठ्या लिलावापूर्वीं विक्रीच्या वस्तूंचें सूचीपत्र छापलें जातें. त्यांत प्रत्येक गाडीचें वर्ष, क्रमांक, पूर्वीचे मालक आणि अंदाजी किंमत दिलेली असते. पुष्कळदां विकणारा एक राखीव किंमत ठरवून ठेवतो. बोली तिच्यापर्यंत चढली नाहीं, तर गाडी विकली जात नाहीं. शेवटच्या बोलीवर हातोडा पडला म्हणजे सौदा पुरा झाला. परंतु खरेदीदाराला तेवढेंच पैसे द्यावे लागत नाहींत. लिलाव करणाऱ्या पेढीचें शुल्क त्यावर निराळें द्यावें लागतें. वर्तमानपत्रांत येणारे आंकडे पाहतांना ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

हे आंकडे डोळे दिपविणारे असतात यांत संशय नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत जर्मनींतील स्टुटगार्ट येथें १९५५ सालची एक मर्सिडीझ-बेंझ गाडी १३ कोटी ५० लाख युरोंस विकली गेली. अशा गाड्या दोनच बनल्या होत्या. लिलावांत मोटारगाडीला तोंपर्यंत इतकी किंमत कधींच आली नव्हती. या विक्रीचा पैसा तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला, ही त्यांतील विशेष समाधानाची गोष्ट होय.

पण अशा राजेशाही गाड्यांचें कौतुक सर्वत्र होतेंच. आम्हांला आज सूचीपत्राच्या कोंपऱ्यांत बसलेल्या गरीब मंडळीकडे वळावयाचें आहे. वाहनाची उपेक्षा मुख्यतः चार कारणांनीं होते असें आम्हांस वाटतें : तें लहान असतें; तें अपयशी ठरलेलें असतें; तें विस्मृतींत गेलेलें असतें; किंवा तें जिकडे तिकडे दिसणारें असतें. या चारही कारणांचा क्रमानें विचार करूं.

१. लहानपण

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत आइल ऑफ मॅन नांवाचें एक बेट आहे. तेथील पील इंजिनिअरिंग या कंपनीनें १९६२ पासून १९६५ पर्यंत 'पी ५०' नांवाची एक मोटार तयार केली. तिची लांबी १३७ सेंटिमीटर, रुंदी ९९ सेंटिमीटर आणि वजन अवघें ५९ किलो होतें. चाकें तीन, दार एक, पुढचा दिवा एक आणि बैठकही एकच. इंजिन ४९ घनसेंटिमीटरचें. विशेष म्हणजे, हिला मागें नेणारा गिअरच नव्हता. मागें जावयाचें असल्यास चालकानें खालीं उतरावें, गाडीच्या पाठीशीं बसविलेली मूठ धरावी आणि गाडी उचलून फिरवावी! आम्हीं या गाडीचें चित्र वर्गांत दाखविलें, तेव्हां मुलें पोट धरधरून हंसलीं, आणि एकानें विचारलें, "सर, ही मोटार आहे कीं टपालपेटी?"

ती नवी असतांना तिची किंमत १९९ पौंड होती. तरीही अशा गाड्या सुमारें पन्नासच बनल्या. पुढें २०१३ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत मॅडिसन येथील ब्रूस वायनर यांच्या लघुमोटारींच्या संग्रहालयाचा लिलाव झाला. तेथें एका 'पी ५०' ला १,२०,७५० डॉलर मिळाले. आणि २०१६ सालीं दुसऱ्या एका लिलावांत अशाच एका गाडीला १,७६,००० डॉलर मिळाले. टपालपेटी म्हणून हंसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचीं तोंडें हा आंकडा ऐकून पाहण्यासारखीं झालीं होतीं.

त्याच संग्रहांत जर्मनीच्या मेसरश्मिट वंशांतील गाड्याही होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील विमानांच्या कारखान्यांना विमानें बांधण्याची मनाई झाली. कारागीर होते, यंत्रें होतीं. पण काम नव्हतें. तेव्हां फ्रिट्झ फेंड नांवाच्या अभियंत्याच्या आराखड्यावरून मेसरश्मिट कारखान्यानें तीन चाकांच्या छोट्या मोटारी बनविण्यास आरंभ केला. १९५५ सालच्या 'के आर २००' या गाडींत दोन माणसें विमानांतल्याप्रमाणें एकामागें एक बसत. डोक्यावर पारदर्शक घुमट असे आणि चाकाऐवजीं दांड्यानें गाडी वळवावी लागे. हिची मागें जाण्याची युक्ति मात्र पीलच्या अगदीं उलट होती. हिचें इंजिन बंद करून तें उलट्या दिशेनें फिरेल असें पुन्हा चालू करतां येई. त्यामुळें पुढें जाण्यास जितके गिअर, तितकेच, म्हणजे चार, मागें जाण्यासही मिळत! याच वंशांतील चार चाकांची 'टीजी ५००' ही गाडी त्या लिलावांत ३,२२,००० डॉलरना गेली.

या गाड्या जन्मल्या कां आणि मेल्या कां, हें समजून घेतल्यास इतिहासाचा एक धडा आपोआप होतो. युद्धानंतर युरोपांतील कुटुंबांपाशीं पैसा थोडा होता. त्यांतच १९५६ सालीं सुवेझ कालव्याचा तंटा उद्भवला आणि पेट्रोल दुर्मिळ झालें. अशा वेळीं थोड्या पेट्रोलवर पुष्कळ धांवणारें हें वाहन लोकांना देवदूतासारखें वाटलें. पुढें दिवस पालटले. १९५९ सालीं ब्रिटनमध्यें 'मिनी' ही चार माणसांची छोटी पण पुरती मोटार निघाली, आणि या तीनचाकी मंडळीकडे कोणी फिरकेना. अडचणींत ज्यानें साथ दिली त्याला सुखांत विसरावें, हा मनुष्यस्वभाव येथेंही दिसून येतो.

२. अपयश

प्रेस्टन टकर या अमेरिकन गृहस्थानें १९४८ सालीं शिकागो येथें एक नव्या धर्तीची मोटार तयार केली. इंजिन मागें, समोर तीन दिवे, आणि त्यांतील मधला दिवा गाडी वळेल तिकडे वळणारा, अपघातांत माणसाला इजा कमी व्हावी म्हणून समोरच्या भागास मऊ अस्तर, आणि धक्का बसतांच बाहेरच्या बाजूस निखळून पडेल अशी कांच. चालकाच्या व उतारूंच्या जीविताचा इतका विचार त्या काळच्या फार थोड्या मोटारींत झालेला होता. परंतु अवघ्या ५१ गाड्या तयार झाल्या, तोंच टकर यांच्यावर लोकांना फसविल्याचा खटला उभा राहिला. १९५० च्या जानेवारींत पंचांनीं त्यांना निर्दोष ठरविलें. पण तोंपर्यंत कारखाना बंद पडला होता. निर्दोष सुटलेला हा मनुष्य १९५६ सालीं निधन पावला. त्याचा कारखाना पुन्हा कधींच उभा राहिला नाहीं.

२०१२ सालीं ॲरिझोनांतील स्कॉट्सडेल येथें या ५१ गाड्यांपैकीं एक लिलावांत निघाली. तिच्यावर २६ लाख ५० हजार डॉलरना हातोडा पडला. शेंकडा दहा शुल्क मिळवून खरेदीदाराला किती रक्कम द्यावी लागली, हें आमच्या इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतःच काढून पाहावें. (उत्तर : २९ लाख १५ हजार डॉलर.) ज्या गाडीनें आपल्या निर्मात्याला बुडविलें, तिला पुढच्या पिढीनें डोक्यावर घेतलें. बाजारांतील अपयश म्हणजे कल्पनेचें अपयश नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल. टकर यांनीं योजिलेल्या सुरक्षिततेच्या कित्येक कल्पना आज साध्या मोटारींतही पाहावयास मिळतात.

३. विस्मृति

पश्चिम फ्रान्समध्यें रोजे बायों नांवाचे मालवाहतुकीचा धंदा करणारे एक गृहस्थ होते. १९५० नंतरच्या काळांत, उत्तम कारागिरीच्या जुन्या मोटारी मोडींत जात असलेल्या पाहून त्यांचा जीव हळहळला. त्यांनीं त्या विकत घेण्यास आरंभ केला. एक दिवस संग्रहालय उभारावें आणि लोकांनीं हें वैभव पाहावें, असें त्यांचें स्वप्न होतें. पण १९७० नंतरच्या दशकांत धंदा बसला, कांहीं गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पत्र्याच्या साध्या छपराखालीं पडून राहिल्या. वेली चढल्या, पत्रे गंजले, वर्षांमागून वर्षें लोटलीं.

२०१४ सालीं वारसांच्या बोलावण्यावरून आर्तक्युरिआल या लिलावाच्या पेढीचे जाणकार तेथें गेले. सुमारें साठ गाड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. एका कोठींत जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं झांकलेली एक फेरारी सांपडली. ही १९६१ सालची उघड्या छपराची गाडी एके काळीं प्रसिद्ध नट आलँ दलों यांच्या मालकीची होती. २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें लिलाव झाला. गाड्या धुऊनपुसून चकचकीत केल्या नव्हत्या. गंज आणि धूळ यांसह त्या मांडल्या होत्या. त्या एका फेरारीला १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. सबंध संग्रहाचे मिळून सुमारें २ कोटी ५१ लाख युरो झाले.

येथें थोडें गणित करूं. सबंध रकमेचा जवळ जवळ दोन-तृतीयांश भाग एकट्या फेरारीनें आणला. बाकीच्या पन्नासांहून अधिक गाड्यांच्या वाट्याला एक-तृतीयांश आला. म्हणजे एकाच छपराखालीं, एकाच धुळींत, एकाच मालकाच्या प्रेमानें राखलेल्या वस्तूंतही लोकांनीं एवढा भेद केला. मालकाचें प्रेम मात्र त्या मोडक्या गाड्यांवरही तितकेंच असलें पाहिजे. नाहीं तर त्यानें त्या घेतल्याच नसत्या. ज्या संग्रहालयाचें स्वप्न त्यानें पाहिलें, तें मात्र कधींच उभें राहिलें नाहीं. या गोष्टींतील खेदाचा भाग हाच होय.

४. विपुलता

उपेक्षेचें चवथें कारण सर्वांत चमत्कारिक आहे. जें रोज दिसतें, त्याकडे कोणी पाहत नाहीं.

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत पियर्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें रे लँब्रेक्ट आणि त्यांची पत्नी मिल्ड्रेड यांनीं १९४६ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे पुरीं पन्नास वर्षें, शेव्हरोले मोटारींचें दुकान चालविलें. वर्षाअखेर जी नवी गाडी विकली जात नसे, ती कमी भावानें काढून न टाकतां ते बाजूला ठेवून देत. आणि गिऱ्हाइकाकडून बदली आलेल्या जुन्या गाड्या शेतांत उभ्या करीत. असें करतां करतां जवळ जवळ पांचशें गाड्या जमल्या. त्यांत राजेमहाराजांची गाडी एकही नव्हती. शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, दुकानदारांच्या नित्याच्या वापरांतल्या त्या गाड्या होत्या.

२०१३ च्या सप्टेंबरांत त्यांचा लिलाव झाला. त्या लहानशा गांवांत हजारों माणसें लोटलीं. १९५८ सालची मालवाहू शेव्हरोले 'कॅमिओ' ही गाडी १ लाख ४० हजार डॉलरना गेली. ती आपल्या सगळ्या आयुष्यांत १.३ मैल, म्हणजे सुमारें दोन किलोमीटर, चालली होती! परंतु पालकांनीं हाही हिशेब पाहावा : सर्व विक्री सुमारें २८ लाख डॉलरची झाली. पांचशें गाड्यांवर ती सारखी वांटली, तर दर गाडीस साडेपांच हजारांच्या आसपास पडतात. अर्धशतकाची राखण, जागेचा खर्च आणि पावसापाण्यानें झालेली हानि विचारांत घेतां, हा कांहीं कुबेराचा ठेवा नव्हे. म्हणून "जुनें सांठवूं आणि श्रीमंत होऊं" असा अर्थ या गोष्टींतून कोणीं काढूं नये.

विपुलतेचें उदाहरण शोधण्यास आम्हांला नेब्रास्कापर्यंत जाण्याचें वास्तविक कारणच नाहीं. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत 'पद्मिनी' ही गाडी तयार होत असे. काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणून तिनें मुंबईची कित्येक दशकें सेवा केली. स्टेशनावर उतरलेला पाहुणा, इस्पितळांत निघालेला रोगी, वऱ्हाडाचें सामान, परीक्षेला उशीर झालेला विद्यार्थी, या सर्वांना तिनें वाहून नेलें. मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून नाहींशी झाली. ज्या दिवशीं ती गेली, त्या दिवशीं पुष्कळांच्या लक्षांत आलें, कीं हजार वेळां तिच्यांत बसूनही आपण तिच्याकडे नीट पाहिलेंच नव्हतें.

किंमत कां येते?

वरील उदाहरणांवरून तीन नियम निघतात असें आम्हांस वाटतें.

पहिला नियम असा, कीं नुसती दुर्मिळता पुरत नाहीं. एकच प्रत असलेली वस्तूही कोणाला नको असल्यास तिला मोल नाहीं. बोली चढावयास निदान दोन माणसांना ती मनापासून हवी असावी लागते. ज्या मुलानें लहानपणीं जी गाडी पाहिली, तीच तो मोठेपणीं शोधीत फिरतो. म्हणून आठवण ही किंमतीची जननी आहे.

दुसरा नियम मूळ स्वरूपाचा. रंग नवा देतां येतो, बैठका नव्या शिवतां येतात, इंजिनही नवें करतां येतें. पण जुनेपण नव्यानें करतां येत नाहीं. याच कारणास्तव बायों यांच्या गाड्या धुळीसकट मांडल्या गेल्या. आपल्या देशांतही २०२१ सालीं जें शासकीय नियम झाले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडीच पुरातन वाहन म्हणून नोंदविण्याची सोय केली आहे.

तिसरा नियम कागदपत्रांचा. फेरारी कोणाची होती, हें सांगणारा पुरावा नसता, तर तिचें अर्धें मोल गेलें असतें. नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, जुनें छायाचित्र, हीं वस्तूचीं जन्मपत्रिका होत. वस्तु राहिली आणि तिची हकीकत हरवली, तर ती अनाथ होते.

उपसंहार

किंमत आणि योग्यता या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आम्हांला शेवटीं सांगावयाचें आहे. किंमत हातोडा ठरवितो, आणि तो एका संध्याकाळच्या उत्साहावरही पडतो. योग्यता मात्र त्या वस्तूनें केलेल्या सेवेंत आणि तिच्यांत ओतलेल्या बुद्धींत असते. 'पी ५०' ला १,७६,००० डॉलर मिळाल्यानें ती अधिक चांगली मोटार झाली नाहीं. आणि तिला हंसून आम्हीं तिची कल्पकता कमी केली नाहीं.

त्याचप्रमाणें राखणें आणि नुसतें अडकवून ठेवणें यांतही भेद आहे. छपराखालीं गंजत पडलेली गाडी राखली गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती केवळ टाकली गेली नाहीं, इतकेंच. राखणें म्हणजे वेळोवेळीं झाडणें, पुसणें, तेल घालणें, आणि तिची गोष्ट पुढच्या पिढीला सांगणें.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना या सुटींत एक लहानसें काम सुचवावेंसें वाटतें. आपल्या घरीं एकादी जुनी सायकल, शिवणयंत्र, घड्याळ किंवा स्कूटर असेल. तिच्यावरील क्रमांक आणि बनविणाऱ्याचें नांव वहींत उतरून घ्यावें. ती कोणीं, केव्हां, कोणत्या पैशांतून घेतली, हें आजीआजोबांना विचारून लिहावें. पालकांनींही तें सांगण्यास थोडा वेळ काढावा. त्या वस्तूला लिलावांत कदाचित् कांहींच मिळणार नाहीं. पण सायकलीच्या पहिल्या हप्त्यासाठीं आजोबांनीं किती महिने चहा सोडला होता, ही हकीकत त्या वहींत आली, म्हणजे ती सायकल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्यापूर्वीं घरांतील कोणी तरी क्षणभर थांबेल. तेवढें झालें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.